काचेचा हेर

ओरेस्तेने सकाळी उठून जवाची कॉफी उकळली, कारण खरी कॉफी डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच तोडली होती. ती ग्लासात ओतली आणि ग्लास तडकला. फुटला नाही, तुकडे झाले नाहीत, कॉफीचा थेंबसुद्धा सांडला नाही. नुसता टिक् असा बारीक आवाज आला आणि काठापासून बुडापर्यंत एक रेघ उभी राहिली. ग्लास तरी कसला, तर ज्यात भरून चॉकलेटची मलई विकतात तो, मलई संपल्यावर धुऊन फडताळात ठेवलेला. पार्मा शहरातल्या निम्म्या घरांत असले ग्लास असतात आणि ते गेल्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. पण ओरेस्ते ओट्याशी तसाच उभा राहिला. कॉफी निवली, तिच्यावर साय धरल्यासारखी झाली, खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी येऊन गेली, आणि तरीही तो त्या रेघेकडे बघत होता. त्रेसष्ट वर्षांचा, बायको मेलेला, निवृत्त माणूस. त्याला असं उभं राहायला कुणाची मनाई नव्हती. मनाई नसणं हेच अलीकडे त्याला जड जात होतं. काळजात चर्र झालं होतं आणि ते का झालं हे त्याला नीट ठाऊक होतं, म्हणून तो ते स्वतःला सांगत नव्हता. मग त्याने कॉफी मोरीत ओतली, ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला, आणि कोट घालून स्टेशनवर गेला. मोंतेल्वोला, आईच्या गावाला, जायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. तिकीट मागताना तोंडातून गावाखालच्या स्टेशनचं नाव गेलं एवढंच.

सरकारी कचेरीत जुन्या इमारतींची मोजणी करण्यात त्याचा जन्म गेला. नाकासमोर चालणारा, वेळेवर येणारा, वेळेवर जाणारा, सहीखाली दोनदा रेघ मारणारा माणूस म्हणून त्याचा लौकिक होता. हा लौकिक एका काचेवर उभा आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. जुन्या भिंतीला तडा गेला की तो वाढतोय की नुसता पडून आहे हे बघायला तड्यावर काचेची पट्टी आडवी बसवतात. दोन्ही टोकं पांढऱ्या प्लास्टरच्या गोळ्यांत रोवायची आणि प्लास्टर ओलं आहे तोवर खिळ्याने त्यावर तारीख कोरायची. भिंत केसभर सरकली तरी काच मोडते. प्लास्टर ताणलं जातं, लाकूड वाकतं, माणूस तर काय कसाही वाकतो, पण काचेला वाकता येत नाही. या धंद्यातले लोक तिला हेर म्हणतात. वर्षभराने जाऊन बघायचं, हेर जिवंत आहे का मेला, आणि तसं कागदावर लिहायचं. अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, सात तारखेला, ओरेस्तेने मोंतेल्वोच्या किल्ल्याच्या तटावर असा एक हेर बसवला. तो तट त्याच्या स्वतःच्या आईच्या घराच्या अगदी डोक्यावर उभा होता. एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात तो बघायला गेला तेव्हा काच मधोमध मोडलेली होती.

गाडी डोंगराच्या पोटातल्या लांब बोगद्यात शिरली आणि खिडकीत त्याला स्वतःचा चेहरा दिसू लागला. आपण त्या दिवशी किती वेळ विचार केला होता? त्याला वाटायचं, पुष्कळ. कदाचित एक सिगारेट संपेपर्यंत. काच मोडलेली आहे असं लिहिलं असतं तर महिन्याभरात तटाखालची तिन्ही घरं रिकामी केली असती. दोन घरांना तसंही कुलूप होतं. तिसऱ्यात आई होती आणि आईपाशी राहणारी थोरली बहीण एर्सीलिया. पलीकडच्या खोऱ्यात भूकंप झाला तेव्हा आईच्या बहिणीला अशीच घराबाहेर काढली होती, सहा महिन्यांसाठी म्हणून. पत्र्याच्या खोलीत ती नऊ वर्षं राहिली आणि तिथेच मेली. तिच्या मयतीहून येताना आई म्हणाली होती, "मला कुणी सहा महिन्यांसाठी कुठं न्यायला आलं, तर आधी मला मारा म्हणावं." म्हणजे त्याने आईसाठी केलं. हे खरंच होतं. पण गाव काय म्हणेल, विधवेच्या पोरानेच तिच्या घराला कुलूप ठोकलं म्हणतील, ही भीतीही खरी होती, आणि गेली तीस वर्षं ही दुसरी भीती पहिल्या मायेच्या मागे दडवून ठेवायचा त्याने आटोकाट प्रयत्न केला होता. त्या दिवशी पिशवीतून त्याने नवी काच काढली, काच कापायच्या हिरकणीने मापात कापली, नवं प्लास्टर लावलं, आणि त्यावर जुनी तारीख कोरली. कागदावर लिहिलं, हेर शाबूत, भिंत स्थिर. खाली सही, सहीखाली दोन रेघा. दुरुस्तीचा सरकारी पैसा नदीपलीकडच्या किल्ल्याला मिळाला. तिथे आता लग्नं लागतात. मोंतेल्वोच्या तटाकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही, कारण कागद म्हणत होता की तो ठीक आहे. आई पाच वर्षांनी आपल्या खाटेवर मेली, हसत मेली म्हणाना. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण आता एर्सीलिया होती.

डोंगराच्या पायथ्याशी, स्टेशनवरून येणारी बस जिथे वळते, तिथे ब्रूनाचं कॅफे आहे. त्यातच किराणा, त्यातच टपालाची पेटी. ईस्टरला एर्सीलिया इथवर उतरायची, ओरेस्ते पार्म्याहून यायचा, दोघं इथेच कोकराचं मटण खायची आणि इथूनच आपापल्या वाटेने जायची. वर जायचं टाळायला त्याला गुडघ्यांचं निमित्त होतं.

"काय हो ओरेस्ते, वाट चुकलात की काय? नोव्हेंबरात कुठला ईस्टर?" ब्रूना म्हणाली.

"सहज आलो."

"सहज कुणी इथं येत नाही. बरं, वर चाललाच आहात तर हे न्या." तिने गल्ल्याखालून पांढऱ्या प्लास्टरचं दोन किलोचं पुडकं काढलं. "तुमच्या बहिणीनं फोन करून मागवलंय. मागच्या खेपेचं बारा दिवसांपूर्वीच नेलं, तेही संपलं म्हणे. उंदरांची बिळं बुजवते. मी म्हटलं, बाई, इतके उंदीर आहेत तर मांजर पाळ. तर म्हणते, मांजराला जेवायला घालावं लागतं."

ओरेस्ते हसला. पुडकं त्याने काखेत मारलं. शेवटची बस पाचला खाली जाते, हे ब्रूनाने त्याला बजावून सांगितलं, जणू तो इथला नव्हताच.

सरळ वाटेने न जाता तो मागच्या खेचरवाटेने चढला. आधी किल्ला, मग घर. चेस्टनटची पानं घोट्यापर्यंत साचली होती आणि कुठल्याशा झोपडीत चेस्टनट धुरावर वाळत होते, त्याचा वास दरीभर बसला होता. हा वास आला की लहानपणी पोटात भूक उठायची, आता नुसता घसा खवखवला. बाहेरच्या दरवाजाची कमान अजून उभी होती आणि अडसराचं भोकही तसंच होतं, हात खांद्यापर्यंत जाईल एवढं खोल. एर्सीलिया त्यात हात घालून दाखवायची आणि त्याला म्हणायची, घाल की, घाबरट, आत विंचू आहे. सगळ्या खेळांत किल्लेदार ती आणि शत्रू हा. ती तटातल्या जंगीच्या भोकाआडून ओरडायची, परवलीचा शब्द सांग. तो वाटेल ते शब्द सांगायचा, झाडांची नावं, संतांची नावं, आईचं नाव, आणि ती म्हणायची, चूक, मेलास. खरा शब्द तिने कधी सांगितला नाही. ती बहुधा दर वेळी बदलत असावी.

आतल्या चौकात पाण्याचं टाकं काट्यांनी भरलं होतं. बालेकिल्ल्याला छप्पर नव्हतं, ते ओरेस्तेच्या जन्माआधीच गेलेलं. आत उभं राहून वर बघितलं की भिंतींत तुळयांची चौकोनी भोकं दिसत, एकावर एक तीन मजल्यांची, आणि त्यांच्यावर ढग. त्याला एकाएकी वाटलं, इथे जेवत असतील माणसं, भांडत असतील, कुणाला तरी कुणाचा राग येत असेल, आणि त्यातलं नुसतं तुळयांचं माप उरलं. मोजमाप तेवढं उरतं. ते तरी खरं असायला हवं होतं. तटमाथ्यावरच्या चऱ्यांच्या कडेने चालत तो तटाच्या त्या कोपऱ्यावर आला जिथे गोल बुरूज संपतो, आणि त्याने खाली वाकून पाहिलं. एकोणनव्वद साली आतल्या बाजूने या तड्यात नाणं उभं राहायचं. आता त्याने मूठ घातली, ती गेली. मग कोपरापर्यंत हात गेला, आणि आतून थंड, ओला वारा तळव्यावर आला. वर रानअंजिराचं मूळ दगड बाजूला सारून बसलं होतं. जुने तट दोन भिंतींचे असतात, आत दगडमाती भरलेली. ती भर पावसाने वर्षानुवर्षं खाली बसत आली होती आणि तटाने घराच्या बाजूला पोट काढलं होतं. धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाला यापुढे काही मोजायची गरज नव्हती. खाली एर्सीलियाच्या कोंबड्या शांतपणे माती उकरत होत्या आणि धुराड्यातून धूर निघत होता.

पडक्या पायऱ्यांनी तो खाली, बाहेरच्या बाजूला आला. तड्याकडे बघायच्या आधी त्याने डोळे मिटले, मनात कुठल्याशा संताचं नाव घेतलं, त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग त्याने पाहिलं. काच शाबूत होती. प्लास्टरचे दोन गोळे, त्यांच्यात अखंड पट्टी, आणि उजव्या गोळ्यावर, ७ ऑक्टोबर १९८८. ओरेस्तेला वाटलं आपण रडणार. म्हणजे तीस वर्षं उगाच! भिंत एकदाच सरकली आणि मग कायमची थांबली, खोटं आपोआप खरं झालं. असं होतं कधी कधी, देव असाही असू शकतो. हातभर रुंद सुखात तो मिनिटभर उभा राहिला. पण हात कोपरापर्यंत गेला होता, हे त्याचा हात विसरायला तयार नव्हता. तो जवळ गेला. ढगांतून जरासं ऊन आलं आणि काचेत द्राक्षाचं पान दिसलं. बारीक, पांढरं, घासून कोरलेलं अर्धं पान आणि त्याचा वेलाचा आकडा. त्याने कचेरीच्या काचेवर कधी पानं पाहिली नव्हती. ही काच त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची होती.

"वरून आलास," एर्सीलिया दारातून म्हणाली. "कोंबड्या गप्प झाल्या तेव्हाच म्हटलं, किल्ल्यावर कुणीतरी आहे. ये, पाय पूस. पुडकं आणलंस? आण इकडे."

एकाहत्तर वर्षांची, किरकोळ अंगाची बाई, पुरुषी स्वेटर घातलेली. तिने त्याला मिठी मारली नाही, कधीच मारत नसे. टेबलावर चेस्टनटच्या पानांवर भाजलेल्या भाकऱ्या होत्या आणि मेंढीच्या दुधाचं मऊ चीज. तिच्यामागे आईचं कपाट होतं, आणि त्याच्या चारही दारांना काचांच्या जागी निळ्या फुलांचा पडदा लावलेला होता. ओरेस्ते त्या पडद्याकडे बघत बसला.

"किती वेळा?" त्याने विचारलं.

"आधी खा."

"एर्सीलिया, किती वेळा बदललीस?"

"मोजलं नाही." तिने चीज त्याच्या पुढ्यात सारलं. "तू बदललीस तेव्हा मी खुराड्यात अंडी गोळा करत होते. सगळं बघितलं. तुझी हिरकणी तू उंबऱ्यावर विसरून गेलास, ती अजून माझ्याकडे आहे. मला वाटलं, हेच तुझं काम असेल. डॉक्टर पट्टी बदलतो तसं. मग आई गेली त्या हिवाळ्यात काच पुन्हा मोडली. मयतीला तू आलास, म्हटलं आता बघशील, बदलशील. तू मान खाली घालून तटाच्या समोरून गेलास. तेव्हा मला कळलं."

"काय कळलं?"

"की हे तुझं काम नव्हतं, हे तू आमच्यासाठी केलंस. मग पुढचं मला करायला नको?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. आपण काहीतरी नीटनेटकं केलं आहे अशा सुरात ती सांगत होती. आईनंतर, जुनी नाणी जाऊन नवी आली, त्या वर्षी मोडली. मग पाच वर्षं टिकली. ती मोठा बर्फ पडला तेव्हा गेली. त्यानंतर दोनदोन वर्षांनी. गेल्या साली दोनदा. यंदा ईस्टरला, मग ऑगस्टच्या सणाला, मग या नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी. तिला साल सांगता येत नव्हतं, पण सण एकही चुकत नव्हता. ओरेस्तेच्या डोक्यात, त्याने न सांगता, आकडे खाली खाली उतरत गेले. आठ वर्षं, पाच, दोन, सहा महिने, चार, तीन. कुठल्याही यंत्राने याहून चांगली नोंद ठेवली नसती. संत मार्टिनला आज अकरा दिवस झाले होते.

"ही भिंत पडणार, एर्सीलिया. नाताळसुद्धा बघायची नाही."

"ठाऊक आहे की. मी काय खुळी आहे?"

"मग चल माझ्याबरोबर. आत्ता. पार्म्याला."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर? खिडकीतून काय बघू, लावलेल्या गाड्या?"

"तिथं भिंत पडणार नाही."

"तिथं मी पडेन. आणि खालच्या मजल्यावर कुणाला आवाजही जायचा नाही." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "कोंबड्यांना काय सांगू?"

"मी कचेरीत कळवतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"कळव. ते येतील, मला खाली वृद्धाश्रमात ठेवतील. सहा महिन्यांसाठी."

तो उठून बाहेर गेला. घरात मोबाइल लागत नाही, तटापाशी लागतो. जुन्या कचेरीचा नंबर सापडला. आपण हे करू शकतो, त्याला वाटलं, एवढं एक तर आपण करू शकतो. घंटा वाजू लागली. आणि त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, टिक् असा बारीक आवाज झाला. द्राक्षाच्या पानातून एक रेघ वरून खाली गेली. काही पडलं नाही, काही हललं नाही, कोंबडीने मानसुद्धा वर केली नाही. पलीकडून एका बाईचा आवाज म्हणाला, हॅलो, तांत्रिक विभाग, बोला. ओरेस्तेने तोंड उघडलं. हॅलो, बाई म्हणाली, कोण बोलतंय? कोण बोलतंय या प्रश्नाला तो अडला. सहीखाली दोन रेघा मारणारा माणूस बोलतोय, की जो चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला पत्र्याच्या खोलीत पाठवणार आहे तो? त्याला पत्र्याच्या खोलीतली मावशी आठवली, ती भेटायला आलेल्या प्रत्येकाला विचारायची, सहा महिने झाले का रे? त्याने फोन बंद केला. आपण कुणाची दया करतो आहोत हे या खेपेलाही त्याला कळलं नाही.

वळून बघतो तर एर्सीलिया उभी. एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्यात कापून ठेवलेली काच.

"मोडली ना? मी चुलीपाशी बसून ऐकलं. आता कानाला सवय झालीय." तिने काच पुढे केली. "ही शेवटची. कपाटातल्या संपल्या, हा आईबाबांच्या लग्नाच्या फोटोचा तुकडा आहे. तूच लाव. माझे हात आता फार कापतात, संत मार्टिनला दोनदा पडली हातातून."

"एर्सीलिया, आता याचा काय उपयोग? बघायला कुणी येत नाही."

"आलं तर?" ती म्हणाली. आणि मग, त्याच्याकडे न बघता, "आईसाठी खोटं बोललास. मी काय परकी आहे?"

त्याने पुडकं फोडलं. प्लास्टर पाण्यात सोडलं, बोटांनी कालवलं, गुठळ्या मोडल्या. हातांना सगळं आठवत होतं. जुने गोळे खरवडून काढले, दगड ओला केला, नवे गोळे थापले, काच बसवून अंगठ्याने दाबली. प्लास्टर लगेच धरायला लागलं, कोमट झालं, हे नेहमीच होतं आणि नेहमीच अंगावर काटा आणतं. काचेमागे तडा काळा दिसत होता. एर्सीलियाने ॲप्रनच्या खिशातून खिळा काढून दिला.

"तारीख?" त्याने विचारलं.

"तीच घाल. दुसरी कुठली घालणार?"

त्याने ती कोरली. अक्षर इतकं सुबक आलं की त्याला स्वतःचा तिटकारा आला. मग ती म्हणाली, "साडेचार वाजले, निघ, बस चुकेल." त्याने तिच्या गालाला गाल लावला, तिने लावू दिला. वाटेवर वळून पाहिलं तेव्हा ती भांडं विसळत होती, तटाकडे पाठ करून, आणि पाणी फुकट जाऊ नये म्हणून कोबीच्या वाफ्यात टाकत होती.

राहायला हवं होतं. तिच्यासमोर खुर्ची टाकून, भिंतीला पाठ लावून बसायला हवं होतं. उतरताना प्रत्येक वळणावर हे त्याला सुचत होतं आणि पाय प्रत्येक वळणावर खालीच जात होते. बोटांवरचं प्लास्टर वाळून कातडी ओढू लागलं. ब्रूनाच्या कॅफेपाशी बस उभी होती, इंजिन चालू. ब्रूना दारात आली.

"कशी आहे वरची म्हातारी?"

"ठीक आहे."

"आणि ती भिंत? मला मेलीला खालून बघूनच धडकी भरते."

"भिंत ठीक आहे," ओरेस्ते म्हणाला. ज्या आवाजात कागद लिहितात त्या आवाजात.

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणार." ब्रूनाने त्याच्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं. "प्लास्टर पुन्हा लागेल ना तिला? सोमवारी माल भरायचाय, आणखी एक पुडकं सांगून ठेवू का?"

ओरेस्ते बसची पायरी चढला. दांडी धरलेल्या हाताकडे त्याने बघितलं.

"नको," तो म्हणाला. "आता लागणार नाही."

"बरं झालं," ब्रूना म्हणाली. "उंदीर गेले म्हणायचे."